मार्क होते, अंदाज नव्हता

२०२२ साली ज्यांची बारावी झाली, त्यांनी दहावीचा भूगोल कधी दिलाच नाही. २३ मार्च २०२० ला तो पेपर व्हायचा होता. आदल्या दिवशी जनता कर्फ्यू झाला, थाळ्या वाजल्या, पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून भूगोलाचे मार्क दिले गेले. पोरं खूश झाली. नकाशा चुकायची भीती गेली आणि मार्क तर आले. पुढची दोन वर्षं त्यांचं बरंचसं शिक्षण याच तऱ्हेने व्हायचं होतं. जे झालं नाही, त्याचेही मार्क मिळायचे होते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमचा भाग संगमनेर-अकोल्याचा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला. वर्गातली बरीचशी पोरं गावातली, बाकीची राजूर, कोतूळ, समशेरपूर या बाजूंनी एसटीने येणारी. जूनपासून दिवाळीपर्यंत आमच्या व्हरांड्यात एक काम चालतं, ते कुठल्याच वेळापत्रकात नसतं: पोरांचे पुढचे अर्ज. इंजिनिअरिंग, फार्मसी, राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे डोळा लावून बसलेली कृषीवाली, नर्सिंग, आणि काहीच नाही जमलं तर बीएस्सी. (बीएस्सीला ‘काहीच नाही जमलं तर’ म्हणतात याचं मला, स्वतः बीएस्सी झालेलीला, दरवर्षी नव्याने वाईट वाटतं. असो.) कोविडकाळातल्या शिक्षणावर पुष्कळ लिहून झालं. अभ्यासक्रम किती बुडाला, मोबाइल किती घरांत होते, पोरांच्या मनावर काय परिणाम झाला. व्हरांड्यात जे दिसलं ते मात्र यातल्या कशातच नीटसं बसत नाही.

आधी या मुलांच्या वरच्या तुकडीबद्दल, म्हणजे २०२१ च्या बारावीबद्दल, दोन शब्द. त्यांची परीक्षा २३ एप्रिलला सुरू व्हायची होती. ती मेअखेरीवर गेली, १ जूनला सीबीएसईने आपली परीक्षा रद्द केली आणि दोनच दिवसांत आपल्या सरकारनेही. मग सूत्र आलं: ३० टक्के दहावीचे, त्यातही ज्या तीन विषयांत जास्त मार्क तेवढेच धरायचे, ३० टक्के अकरावीचे, ४० टक्के बारावीच्या वर्षभरातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. ३ ऑगस्टला निकाल लागला, ९९.६३ टक्के. आदल्या वर्षी तो ९०.६६ होता आणि तेव्हाही तो भरघोसच वाटला होता. अंतर्गत मार्क आम्ही दिले. त्या उन्हाळ्यात मार्क देताना हात आखडणारा शिक्षक मला भेटला नाही, आणि भेटला असता तर मी त्याच्याशी बोलले नसते. घरात माणसं गेलेली पोरं होती ती. पण त्या निकालाने एक गोष्ट झाली. गुणपत्रिका हातात आली आणि तिच्यावरून काहीच कळेना. नव्वदच्या वरची पोरं इतकी, की नव्वद म्हणजे काय हे पोरालाही माहीत नाही, बापालाही नाही. त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातल्या काही कॉलेजांचा कटऑफ काही विषयांना थेट १०० टक्क्यांवर गेला. आमच्याकडून दिल्लीला कुणी जात नाही, पण ती बातमी व्हरांड्यात आली आणि पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

त्या वर्षी अकरावीच्या प्रवेशासाठीही सरकारने एक सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, काढली होती. २१ ऑगस्टला व्हायची होती, १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं मला पटलं होतं. साथीत एवढ्या लाखो पोरांना परीक्षेला बसवणं हा जिवाशी खेळ होता. पण त्या सीईटीमागची धडपडही मला कळत होती. दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागल्यावर कुणीतरी, कशाने तरी, पोरांना सांगायला हवं होतं की बाबा, तू साधारण इथे उभा आहेस.

आता आमच्या भूगोल न दिलेल्या तुकडीकडे येते. शहरांत त्यांचे अकरावीचे ऑनलाइन प्रवेश मराठा आरक्षणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे सप्टेंबर २०२० पासून नोव्हेंबरपर्यंत लटकले. आमच्याकडे तेव्हा प्रवेश कॉलेजच्या खिडकीवरच व्हायचे, त्यामुळे नावं लागली लवकर, पण वर्ग कुठे होता? वर्ग म्हणजे एक लिंक. पाठ्यपुस्तक म्हणजे बालभारतीच्या संकेतस्थळावरची पीडीएफ. अभ्यासक्रम २५ टक्के कापलेला. घरातला फोन एकच, तोही वडिलांचा, आणि वडील टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात गेले की फोनही टोमॅटोबरोबर जायचा. एक मुलगी राजूरच्याही पुढच्या वाडीवरची. रेंजसाठी ती वाडीमागच्या टेकाडावर चढायची आणि पाऊस आला की ‘लेफ्ट’ व्हायची. स्क्रीनवर तिचं नाव नाहीसं झालं की आमच्याकडे अजून कोरडं असलं तरी मला कळायचं, राजूरकडे पाऊस सुरू झाला.

मी त्यांना टायट्रेशन शिकवलं, ते मोबाइल स्टँडला लावून. ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं, खाली फ्लास्कमध्ये तो जांभळा रंग क्षणात विरतो, पुन्हा सोडायचं, पुन्हा विरतो, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी छटा तशीच राहते. तो एंड पॉइंट. एक थेंब जास्त झाला की गेलं. हे हाताला कळतं, कॉकवरच्या बोटांना कळतं. पहिल्या वर्षी प्रत्येक पोर हमखास पुढे जातं, फ्लास्क गडद जांभळा होतो, शेजारचा हसतो. दुसऱ्या वेळी ते पोर आधीच हात आवरतं. आमच्या या पोरांना रीडिंग मी सांगितलं. तक्ता त्यांनी भरला, आकडेमोड बरोबर केली, जर्नल पूर्ण केलं. थेंब कुणाचाच जास्त झाला नाही, कारण सोडलाच नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये नववी आणि अकरावीची पोरं परीक्षेविना वर ढकलली गेली. म्हणजे हिशोब मांडला तर या तुकडीची शेवटची खरी परीक्षा मार्च २०२० ची, तीही एक पेपर कमी. त्यानंतरची थेट बारावीची.

४ ऑक्टोबर २०२१ ला कॉलेज उघडलं. पोरं आली तेव्हा मी नावं घेऊन चेहरे जुळवत होते. वर्ष-सव्वा वर्ष ज्यांना शिकवलं त्यांची उंची मला माहीत नव्हती. तीन आठवडे बरे गेले. मग दिवाळीच्या तोंडाला एसटीचा संप सुरू झाला. कर्मचाऱ्यांची मागणी राज्य सरकारात विलीनीकरणाची होती, आणि त्यांच्या पगाराच्या कहाण्या ऐकल्या तर संपाला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. पण डोंगराकडची पोरं पुन्हा घरी बसली. कोविडकाळ म्हटलं की शहरातल्या लेखांत हा संप कधी येत नाही. आमच्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा प्रवास फुकट आहे. एसटी बंद म्हणजे काळी-पिवळी जीप, आणि जीपला रोजचे पैसे. मुलासाठी ते बऱ्याचदा निघाले, मुलीसाठी ‘बघू, संप मिटेल’. संप मिटला एप्रिलमध्ये. तोवर बारावीचे पेपर संपले होते.

जानेवारीत तिसरी लाट आली, कॉलेज पुन्हा बंद. ३१ जानेवारीला धारावीत शिक्षणमंत्र्यांच्या घराबाहेर पोरांचा जमाव जमला, परीक्षा ऑनलाइन घ्या म्हणून. टीव्हीवर सगळे त्यांना शिव्या घालत होते. अभ्यास नको यांना, फुकटचे मार्क हवेत. ऑनलाइन परीक्षेची मागणी मलाही मान्य नव्हती. पण भीती खोटी नव्हती. दोन वर्षांत या पोरांनी सलग तीन तास कधी लिहिलं नव्हतं. सरावाला मी दीड तासाचा पेपर घेतला तर तासाभराने हात झटकत बसली. बोर्डालाही हे कळलं असावं. मोठ्या पेपरांना अर्धा तास वाढवून दिला, आणि ज्याचं त्याचं कॉलेज हेच केंद्र दिलं.

त्यात फेब्रुवारीच्या अखेरीस मध्य प्रदेशातून पुण्याकडे प्रश्नपत्रिका घेऊन निघालेला टेम्पो पेटला. कुठे, तर आमच्याच संगमनेरजवळ, चंदनापुरी घाटात. त्यामुळे ५ आणि ७ मार्चचे भाषांचे पेपर एप्रिलवर गेले. दहावीत भूगोल गेला, बारावीत मराठी जळाली, असं पोरं म्हणायची. आमच्या कॉलेजातला सगळ्यात चांगला विनोद त्या वर्षी याच तुकडीने केला.

८ जूनला निकाल लागला, ९४.२२ टक्के. आमचाही निकाल उत्तम. पेढे आले. आणि मग व्हरांडा भरायला लागला.

पहिले दोन-तीन दिवस कागदपत्रांचे असतात. दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात प्रमाणपत्र, आणि सगळ्यांत अवघड ते जात वैधता प्रमाणपत्र. एरवी हे काम अकरावीतच सुरू होतं. आमच्या ऑफिसातले भाऊसाहेब वर्गावर्गात फिरून ओरडतात, “व्हॅलिडिटीचा फॉर्म नाही भरला त्याने उद्या माझ्या खिडकीवर यायचं, बापाला घेऊन!” ज्याचा बाप येत नाही त्याला ते चहाच्या टपरीवर गाठतात. पडताळणीला महिने लागतात, चुलत्याचा नाहीतर आजोबांचा जुना शाळेचा दाखला शोधावा लागतो, हे त्यांना तोंडपाठ. त्या दोन वर्षांत भाऊसाहेबांनी ही सूचना व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकली होती. नियमाप्रमाणे सूचना गेली होती. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ती कुठे गेली कुणाला ठाऊक. अर्ज करायच्या वेळी कितीतरी घरांना पहिल्यांदाच कळलं की असलं काही प्रमाणपत्र असतं. आणि हे कळायला उशीर कुणाला झाला? ज्यांच्या घरातलं कुणी आधी कॉलेजात गेलेलं नाही त्यांनाच. बाकीच्यांना थोरल्या भावाची फाइल होती.

तुटलेला आणखी एक धागा आमच्याही लक्षात उशिरा आला. कुठलं कॉलेज कसं आहे हे खेड्यात संकेतस्थळावरून कळत नाही, दिवाळीला घरी आलेल्या पोरांकडून कळतं. फी सांगतात त्यापेक्षा किती जास्त पडते, होस्टेलला पाणी येतं का, मेसचं जेवण, कुठला विभाग नावापुरता आहे, कुठे पोरींना संध्याकाळी बाहेर पडायला भीती वाटते. माझी वरच्या तुकडीतली जी पोरं पुण्या-नाशिकला लागली, त्यांचं पहिलं वर्ष बरंचसं घरीच बसून गेलं. त्यांना विचारलं, “अरे, कॉलेज कसं आहे?” तर म्हणायची, “मॅडम, गेट बघितलंय.” मग त्यांनी धाकट्यांना काय सांगावं?

इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशाची सीईटी त्या वर्षी उशिरा, ऑगस्टमध्ये झाली आणि निकाल १५ सप्टेंबरला लागला. बारावीच्या निकालापासून तीन महिने. या तीन महिन्यांत शहाणे पालक एक करतात. गावातल्या कॉलेजात बीएस्सीची जागा पैसे भरून धरून ठेवतात. ज्यांना ते पैसे अडकवणं परवडत नाही ते देवावर हवाला ठेवतात. निकाल आला तो पर्सेंटाइलचा, आणि व्हरांड्यात एकच गोंधळ. ८२ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ८२ मार्क नव्हेत. परीक्षेला बसलेल्या १०० पोरांतली ८२ तुमच्या बरोबर किंवा मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. पेपर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे, म्हणून ही युक्ती. २०० पैकी निम्मेच मार्क पडलेलं पोरही पर्सेंटाइलमध्ये ऐंशीच्या वर सहज दिसतं. बाप मात्र गावभर सांगून आलेला असतो, पोराला ब्याऐंशी टक्के. आणि पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला जायचं तर ९९ च्या पुढचे दशांश मोजायचे असतात, हे सांगायचं काम माझ्याकडे. उलटंही होतं. एका पोराला ७१ आले म्हणून तो तीन दिवस घराबाहेर पडला नाही. त्याला हव्या होत्या त्या शाखेत त्याला जवळच जागा मिळत होती.

टेकाडावरच्या त्या मुलीला बारावीला चांगले मार्क होते, सीईटीचं पर्सेंटाइलही चांगलं होतं. ती आली आणि म्हणाली, “मॅडम, मला किती पडतील?”

मी म्हटलं, “अगं, पडलेत की. हातात कागद आहे तुझ्या.”

“तसं नाही. मला खरे किती पडतील?”

त्या वेळी मी काहीतरी बोलून तिला बसवलं. पण नंतर पुष्कळ दिवस ते डोक्यात राहिलं, कारण एवढा नेमका प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. तिच्याकडे मार्क होते आणि तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. घटक चाचणी, सहामाही, पूर्वपरीक्षा, फळ्यापुढे उभं राहून चुकलेलं गणित, शेजारणीला पडलेले दोन मार्क जास्त, “तुझं ऑर्गॅनिक कच्चं आहे” म्हणून मी भर वर्गात केलेला पाणउतारा, या सगळ्यांतून एरवी पोराला आपलं माप हळूहळू कळत जातं. ते कुठल्या गुणपत्रिकेवर छापलेलं नसतं. पोरगं बारावीच्या पेपरातून बाहेर पडतानाच सांगतं, सत्तरच्या आसपास जाईल, आणि निकाल दोन-तीन मार्कांच्या फरकाने तेवढाच लागतो. या तुकडीने पेपरातून बाहेर येऊन कधी आकडा सांगितला नाही. “गेला चांगला” म्हणायची, किंवा “माहीत नाही”. अभ्यासक्रम कापून सोय झाली, अर्धा तास वाढवून सोय झाली, घरचं केंद्र देऊन सोय झाली. अंदाज कुणी द्यायचा?

आणि आपल्या प्रवेशप्रक्रियेत अंदाज लागतो, तो नेमका ऑप्शन फॉर्म भरताना. कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत कॉलेज आणि शाखा यांचे पर्याय तुम्ही तुमच्या पसंतीने वरपासून खाली लावायचे. शेकड्याने लावले तरी चालतात. मशीन गुणवत्तेच्या क्रमाने एकेक पोर घेतं, त्याची यादी वरून वाचत येतं, आणि जिथे जागा दिसेल तिथे थांबतं. म्हणजे शहाणपण यात, की जे हवंय ते वर लिहायचं. मिळणार नसेल तर मशीन आपोआप खाली सरकतं, वर मोठं नाव लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. हे मी फळ्यावर काढून दाखवते, तरी निम्मी घरं यादी उलटी लावतात. ‘आपल्याला कुठलं मिळायचं’ म्हणून जवळचं, हमखास मिळणारं कॉलेज पहिल्या नंबरला. आणि पहिला पर्याय पहिल्याच फेरीत मिळाला की जागा आपोआप फ्रीझ होते. पुढच्या फेऱ्यांत मग भाग घेता येत नाही.

त्या मुलीने हेच केलं. नाशिक-पुणे रस्त्यावर मंचरजवळ अवसरीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, फी खासगीपेक्षा कितीतरी कमी. माझ्या हिशोबाने तिथली एखादी शाखा तिला सुटली असती. मी तसं सांगितलंही होतं. तिने ते अकरा-बारा पर्यायांच्या खाली घातलं आणि वर घातलं घराजवळचं एक खासगी कॉलेज. पहिल्याच फेरीत तेच लागलं. ती पेढे घेऊन आली. शेवटच्या फेरीचा कटऑफ आला तेव्हा मी तो तिला दाखवला नाही. दाखवून काय करायचं होतं?

याला नुसती भीती म्हणणं मला पुरेसं वाटत नाही. भित्री पोरं प्रत्येक तुकडीत असतात. एरवी तिच्यासारखीला वर्गातली चार टवाळ पोरं म्हणाली असती, “ए हुशार, तू काय जवळचं टाकतेस?” आणि तिने निदान घरी भांडून पाहिलं असतं. आपण वर्गात कितवे आहोत हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. टेकाडावर ती एकटीच पहिली होती आणि एकटीच शेवटची.

साहेबांच्या देशात याच काळात वेगळीच तऱ्हा झाली, ती मी तेव्हा फार उत्सुकतेने वाचत होते. तिकडे विद्यापीठाचा अर्ज शाळेत असतानाच करतात आणि त्या अर्जात शिक्षकाने वर्तवलेली श्रेणी असते. पोराला अमुक मिळेल असा मास्तरांचा अंदाज अधिकृतपणे जातो. २०२० मध्ये परीक्षा रद्द झाल्या. शाळांनी दिलेल्या श्रेणी एका गणिती सूत्रातून गाळून घेतल्या, शाळेचा मागचा इतिहास बघून. इंग्लंडमध्ये सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांनी दिल्या होत्या त्यापेक्षा खाली आल्या. पोरं रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या. गरीब वस्तीतल्या शाळेतल्या हुशार पोराला त्या सूत्राने शाळेच्या सरासरीकडे ओढलं होतं. वाचताना मला आमच्या सीईटीचं कौतुक वाटलं, खरंच. आमचं मशीन शाळेचा मागचा इतिहास बघत नाही, मास्तरांचं पत्र मागत नाही, ‘मी माझ्या आयुष्यात काय सोसलं’ असा निबंध लिहायला लावत नाही. तसा निबंध मागितला असता तर टेकाडावरच्या मुलीने काय लिहिलं असतं, आणि पुण्यातल्या क्लासवाल्यांनी त्याचे किती तयार नमुने विकले असते! मशीन आंधळं आहे हेच त्याचं इमान.

पण मशीन आंधळं, म्हणून पोराच्या बाजूला डोळस माणूस लागतो, हे त्या प्रक्रियेत कुठे लिहिलेलं नाही. तो माणूस शाळेत असेलच असं धरून चाललेलं आहे. शाळा बंद झाली तेव्हा वर्ग ऑनलाइन गेले, पुस्तकं ऑनलाइन गेली, अर्ज तर आधीच ऑनलाइन होते. भाऊसाहेब ऑनलाइन गेले नाहीत. व्हरांडा गेला नाही. शहरात ती जागा क्लासने भरून काढली. सराव परीक्षा, रँक, समुपदेशक, पर्यायांची छापील यादी, सगळं पैसे मोजून. क्लासची पोरंही दोन वर्षं शाळेत गेली नाहीत, पण आठवड्याला एक टेस्ट देत होती. त्यांना आपण राज्यात साधारण कुठे आहोत हे बारावीच्या दिवाळीपर्यंत पाठ होतं. माझ्या पोरांचं आणि त्यांचं सगळ्यांत मोठं अंतर मला रसायनशास्त्रात दिसलं नाही. तिथे पाच-दहा मार्क इकडेतिकडे. अंतर होतं ते ऑप्शन फॉर्मवर.

या तुकडीच्या इंजिनिअरिंगचे वर्ग सुरू होईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. एरवी या सुमाराला पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम संपत आलेला असतो. मग ते सत्र घाईघाईत उरकलं गेलं. पहिल्या वर्षी बरीच पोरं गणितात अडकली, काहींनी सोडलं. हे सगळं कोविडच्या खात्यावर टाकायला माझी तयारी नाही. गणितात पोरं आधीही अडकायची.

आम्ही मात्र आता एक करतो. बारावीचं वर्ष सुरू झालं की पोरांना ऑगस्टमध्येच, पुढच्या वर्षीच्या सीईटीच्या कितीतरी आधी, मागच्या वर्षीचे कटऑफ घेऊन कागदावर खोटा ऑप्शन फॉर्म भरायला लावतो. शेजारच्याने तो तपासायचा आणि यादी उलटी दिसली की मोठ्याने हसायचं. दिवाळीच्या सुट्टीत बाहेर शिकणारी चार-पाच पोरं बोलावतो, पाहुणे वगैरे काही नाही, नुसतं बाकावर बसवतो आणि आम्ही शिक्षक बाहेर जातो. होस्टेलच्या पाण्याबद्दल ती आमच्यासमोर खरं बोलत नाहीत. भाऊसाहेब निवृत्त झाले, तरी जूनमध्ये एक दिवस येऊन ओरडून जातात.

मध्यंतरी टेकाडावरच्या मुलीचा फोन आला. तिचं नीट चाललंय, शाखाही तिला आवडते, अवसरीचा विषय मी अजूनही काढलेला नाही. फोन धाकट्या भावासाठी होता. शाळा बंद पडल्या तेव्हा तो सहावीत होता, सातवी त्याने जवळजवळ पाहिलीच नाही, आता बारावीत आहे. अपूर्णांक आणि गुणोत्तर याच वर्षांत पक्के होतात, त्यामुळे मोल संकल्पना, म्हणजे पदार्थाचं प्रमाण मोजायची रसायनातली रीत, शिकवताना या नव्या तुकड्यांबरोबर मला पार मागे जावं लागतं. तो म्हणतो कॉम्प्युटर, वडील म्हणतात कृषी, सातबारा आहे तर त्याचा उपयोग करू.

“मॅडम, तुम्हीच सांगा, त्याला काय झेपेल?”

मी म्हटलं, “मी कशाला सांगू? त्याचे सगळे चाचणीचे पेपर घेऊन त्याला शनिवारी पाठव. चुकलेलेच आधी.”

“चुकलेले त्याने फाडून टाकलेत.”

“मग इथेच बसवून परत घेते.”